एका कुंडीचा करपा

सून घरात आली तेव्हा तिच्यासोबत दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि एक कुंडी आली. बॅगा पोरानं उचलल्या. कुंडीला मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही. कोकणातून निघून, गाड्या बदलत, वसमतच्या स्टेशनावर उतरेपर्यंत ती कुंडी तिच्या मांडीवरच होती, असं पोरगं सांगत होतं. सांगताना त्याचा आवाज जरा दुखावल्यासारखा येत होता, कारण त्याची स्वतःची मान खिडकीच्या गजाला टेकून अवघडली होती.

कुंडीत ऑर्किड होतं. पांढरी फुलं, आत जांभळी छटा. खाली जाड, गुळगुळीत, जिभेसारखी पानं. पण आम्हा दोघांची नजर गेली ती मुळांवर. मुळं कुंडीत राहायला तयार नव्हती. राखाडी रंगाची, पेन्सिलीएवढी जाड मुळं काठावरून बाहेर लोंबत होती. मला तर वाटलं, हे झाड कुंडीतून उतरून कुठंतरी निघालंय.

ह्यांनी कुंडीभोवती एक चक्कर मारली, वाकून आत पाहिलं आणि मला विचारलं, "याच्यात माती कुठंय?"

सून शेजारीच उभी होती. ती मला म्हणाली, "आई, याला माती लागत नाही. झाडाच्या साली आणि कोळसा पुरतो."

"साली अन् कोळसा," हे मला म्हणाले. "झाड हाय का चूल?"

मी मध्ये उभी. पुढं बरेच महिने माझी जागा तीच राहिली.

ह्यांचं आणि सुनेचं भांडण होतं असं कुणी समजू नये. भांडायला आधी बोलावं लागतं. हे स्वयंपाकघरात यायच्या आधी ओसरीतूनच खाकरायचे. खाकरणं ऐकू आलं की ती गॅसपाशी सरकायची आणि ह्यांना माठापर्यंत वाट मोकळी करून द्यायची. पाणी पिऊन हे परत जायचे. "तिला म्हणावं, वायफायचं बिल भरलं." "आई, बाबांना सांगा ना, जेवण वाढलंय." दोघं एकाच खोलीत, आणि टपालखातं मी. पोरगं नांदेडला नोकरीला. सकाळच्या एसटीनं जायचं, दिवेलागणीनंतर यायचं. त्याला काही सांगायला गेलं की म्हणायचं, "होतंय हळूहळू." त्याचं सगळंच हळूहळू होतं.

ह्यांच्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. आमचं शेत कुरुंद्याच्या बाजूला. हळदीचं. माणूस हळदीच्या पानाकडं पाहून सांगतो, याला काय झालंय, कधी झालंय आणि शेजाऱ्याच्या वावरातून आलंय की आपल्याच चुकीनं झालंय. एसटीच्या खिडकीतूनसुद्धा लोकांच्या हळदीची तब्येत बघत जातात. "ह्याच्या हळदीला लोह कमी पडून राहिलं." माणसाच्या चेहऱ्याकडं पाहून मात्र त्यांना आजवर काही कळलेलं नाही. मला ताप असला तर मीच सांगावं लागतं.

उन्हाळ्यात ते ऑर्किड कूलरपाशी बसलं. सुनेचं म्हणणं, त्याला दमट हवा लागते. आमच्याकडच्या मे महिन्यात माणसालाच दमट हवा लागते, पण कूलरसमोरची जागा झाडाला मिळाली. फुलं गळाली, पानं टिकली. हे तिरक्या नजरेनं रोज त्याच्याकडं पाहायचे. पाहुणा आवडला नाही पण त्याच्या तब्येतीची काळजी वाटते, तसं.

गणपतीच्या आधी सून माहेरी गेली. कोकणातली पोरगी, गणपतीला तिला कोण अडवणार? त्यात तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून मुक्काम लांबणार होता. जाताना तिनं मला नीट समजावलं. पाणी आठवड्यातून एकदा. तेही कुंडीतल्या सालींना. पानांवर नाही, पानांच्या मध्ये तर अजिबात नाही. हे पलीकडं पेपर वाचत बसले होते. पेपर वाचणाऱ्या माणसाला जेवढं ऐकू येतं तेवढं त्यांनी ऐकलं. त्यांना 'पाणी' ऐकू आलं.

झालं असं की सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात जे उरायचं ते हे या झाडाच्या डोक्यावर ओतू लागले. महादेवाच्या पिंडीवर ओततात तसं. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असायची, मला पत्ता नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट सूनबाई घरात नाही तर तिच्या झाडाची आबाळ व्हायला नको, हाच हेतू. फक्त ते कुणाला बोलून दाखवायचं नव्हतं.

एक दिवस आवाज आला, "ऐकलं का, इकडं ये जरा."

गेले. हे चष्मा लावून कुंडीपुढं उकिडवे बसलेले. एका पानावर तेलाचा थेंब पडावा तसा डाग होता. दुसऱ्या दिवशी तो तपकिरी झाला आणि त्याच्याभोवती पिवळी कड आली.

"करपा," हे म्हणाले. जजनं निकाल द्यावा तसं.

"फोन करा की तिला."

"मी? मी काय बोलू?"

"पानावर डाग पडला म्हणून सांगा."

"तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन राहिलं. तिथं तिला तकलीफ कशाला द्यायची?" विहीणबाईंच्या मोतीबिंदूच्या आड हे असे लपले. "करपा काय मला नवा हाय का? मी बघतो."

त्या दिवशी मला ब्लाउज शिवायला टाकायचा होता, म्हणून मीही स्कूटरवर मागं बसले. आधी हे कृषी सेवा केंद्रात शिरले. दुकानदार ओळखीचा, वर्षानुवर्षांचा. ह्यांनी मोबाइलमधला डागाचा फोटो त्याच्यापुढं धरला.

"करपा दिसतो काका," दुकानदार म्हणाला. "पण पान हळदीचं न्हाई वाटत."

"न्हाई. दुसरं पीक हाय."

"बरं. किती एकर?"

ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"गुंठ्यात हाय का?"

हे समोरच्या बियाण्याच्या पिशव्यांकडं पाहू लागले.

"कुंडीत आहे," मी म्हणाले.

"किती कुंड्या, काकू?"

"एक."

दुकानदार बुरशीनाशकाची पुडी काढायला मागं वळला आणि पुडी सापडायला त्याला फार वेळ लागला. त्याची पाठ हलत होती. वळला तेव्हा मात्र चेहरा गंभीर होता. गिऱ्हाईक जुनं होतं.

पुडीवर पाठीवरच्या पंपाचं प्रमाण लिहिलेलं. ते एका कुंडीपुरतं उतरवायला हे कागद-पेन घेऊन बसले. माझ्या खोकल्याच्या औषधाचं झाकण माप म्हणून गेलं, ते मला परत मिळालं नाही. आरसा पुसायच्या फवाऱ्याची बाटली धुऊन घेतली. मग तोंडाला उपरणं गुंडाळलं, कुंडी मागच्या अंगणात नेली आणि वाऱ्याची दिशा पाहिली. एका कुंडीसाठी. बोट ओलं करून.

भिंतीपलीकडच्या भाभी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या घराची आणि आमची भिंत एकच, आणि गोष्टीही बऱ्याचशा एकच. त्यांनी वाकून पाहिलं.

"क्या हुआ इसको?"

"डाग पडून राहिले," मी म्हणाले.

"नजर लगी होगी. नई बहू का झाड. आते-जाते सब देखते."

"भाभी, नजर अशी गोल डाग न्हाई पाडत," उपरण्यातून आवाज आला.

भाभींनी खांदे उडवले. "आपको क्या मालूम, नजर का डाग कैसा होता?"

ह्यांनी उपरणं आणखी घट्ट आवळलं. फवारणी पानाच्या दोन्ही बाजूंनी, व्यवस्थित झाली.

डाग वाढला. नुसता वाढला नाही, खालच्या पानावर उतरला. ह्यांनी पुन्हा फवारलं. डाग आणखी पसरला, आणि आता काळपट, पाणी धरलेला दिसू लागला. हे जेवताना बोलेनासे झाले. तसे एरवीही बोलत नाहीत, पण एरवी भाजीत मीठ कमी असलं तर तेवढं बोलतात. त्या दिवशी मी वरणात मीठच विसरले होते, तर ते चुपचाप जेवून उठले. तेव्हा मला परिस्थिती कळली.

दुपारी पाहते तर हे कुंडीपाशी बसलेले. डागावर त्यांनी अंगठा दाबला. अंगठा नाकाशी नेला.

"हा करपा न्हाई," ते म्हणाले. "करपा कोरडा असतो. बोटाला कागदासारखा लागतो. हे ओलं हाय, वास येऊन राहिला. हळदीचा कंद सडतो ना, तशी कूज हाय ही."

"मग?"

"मग मी फवारून फवारून त्याला आणखीच ओलं केलं ना." अंगठा पुसत म्हणाले, "चुकलं माझं."

हे ते झाडाला म्हणाले, मला नाही. तरी मी शेजारी असल्यानं ऐकायला मिळालं. संसारात असे योग थोडे येतात.

"आता तरी लावा फोन," मी म्हणाले.

मी फोन लावला, व्हिडिओ सुरू केला आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. सून दिसली. मागं खाटेवर विहीणबाई, डोळ्यावर हिरवं कापड. मी बाजूला झाले. हे खाकरले. तिकडं फोनमध्ये सून सवयीनं जराशी बाजूला सरकली, माठाकडं वाट करून देतात तशी. मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसली.

"ते... पान," हे म्हणाले.

"दाखवा बाबा. जवळ न्या. आता उलटं करून दाखवा."

ह्यांनी पान उलटं केलं.

"दाबल्यावर पाणी येतं?"

"येतंय."

"वास?"

"हाय थोडा. सडक्या कांद्यासारखा. करप्याचं औषध फवारलं, फरक न्हाई."

"मग ही बुरशी नाही बाबा, जिवाणू आहेत. बुरशीच्या औषधाला ते दाद देत नाहीत. पानांच्या मध्ये पाणी साचलं होतं का?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी लोणच्याच्या बरणीकडं पाहिलं. तांब्याची गोष्ट मला त्या क्षणी कळली.

"पाऊस लई हाय इकडं," हे म्हणाले.

कुंडी आतल्या खिडकीत होती. वर स्लॅब, बाहेर भलामोठा छज्जा. सून म्हणाली, "हो. पाऊस तिरका येत असेल."

त्या वाक्याला मी तिला मनातल्या मनात साडी घेतली.

मग तिनं उपाय सांगितला. नवं ब्लेड गॅसवर तापवायचं, गार होऊ द्यायचं, आणि डाग कापून काढायचा. डागाच्या काठावर नाही, त्याच्या पुढं, चांगल्या हिरव्यातून. कापलेल्या कडेला दालचिनीची पूड लावायची.

"दालचिनी?" हे म्हणाले. "अन् हळद?"

"आम्ही दालचिनी लावतो बाबा."

"हळद जखमेला चालती. माणसाला चालती, बैलाला चालती."

"चालते ना. पण हा माणूस नाही आणि बैलही नाही."

हे हसले. मोठ्यानं. मागं खाटेवरून विहीणबाईंनी विचारलं, कोण हसलं म्हणून, आणि सुनेनं सांगितलं, "बाबा," तेव्हा त्यांना ते खरं वाटलं नाही. डोळ्यावर कापड असल्यानं खात्रीही करता येईना.

हळदीच्या पेठेत राहून घरात दालचिनीची पूड नव्हती. मी भिंतीपाशी जाऊन भाभींना हाक मारली. त्यांच्याकडं बिर्याणीचा मसाला घरीच कुटतात.

"किसकी दावत है?" त्यांनी विचारलं.

"झाडाची," मी म्हणाले. त्यांनी वाटीभर दिली आणि झाडाला काय घालताहेत ते पाहायला स्वतःही आल्या.

ज्या माणसानं उभी हळद बिनदिक्कत कापली, त्याचा हात त्या पानापाशी थांबला. "थोडं हिरवं वाचवू का?" त्यांनी फोनला विचारलं.

"नको बाबा. दया केली तर पुन्हा पसरेल."

ह्यांनी कापलं. दुसऱ्या पानासाठी ब्लेड पुन्हा तापवलं, तिनं न सांगता. कडेला दालचिनी लावली, बोटानं, कुंकू लावावं तशी हलकी. पानांच्या बेचक्यातलं पाणी टिपायला माझ्या देवघरातल्या कापसाच्या वाती गेल्या. भाभी म्हणाल्या, "इतनी खिदमत में तो मुर्दा भी उठ बैठेगा." सून तिकडून म्हणाली, "आता पाणी बंद. मी सांगेपर्यंत एक थेंब नाही. आणि वारा लागू द्या."

वारा म्हणजे माझा टेबलफॅन. तो माझ्या पलंगापाशी असायचा, तो उचलून कुंडीपाशी गेला. लाइट गेली की हे पुठ्ठ्यानं वारा घालायचे. मी घामानं भिजून त्यांच्याकडं बघत राहायची, आणि पुठ्ठा चुकूनही माझ्या बाजूला वळायचा नाही.

सगळ्यात अवघड होतं ते पाणी न देणं. शेतकरी माणूस, आजार म्हणलं की काहीतरी द्यावं, काहीतरी करावं असं वाटतं. इथं करायचं काहीच नव्हतं. सकाळी तुळशीपाशी तांब्यात उरलेलं पाणी घेऊन हे कुंडीजवळून जायचे, थबकायचे, आणि तांब्या जास्वंदीवर रिकामा करायचे. त्या वर्षी आमची जास्वंद फार फुलली.

फोन रोज होऊ लागला. सुरुवातीला बरणीला टेकवून. मग हे फोन हातात धरायला शिकले, पण बरेच दिवस सुनेला ह्यांचं फक्त कपाळ दिसायचं. एक दिवस खालचं पान तरीही गेलं. डाग देठाकडं सरकला होता, सगळंच काढावं लागलं. हे फोनवर हळू आवाजात तिला सांगत होते, दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलतात तसं.

"जाऊ द्या बाबा. मधलं कोवळं पान हिरवं आहे ना? बुडखा घट्ट आहे?"

"घट्ट हाय."

"मग झाड आहे आपलं."

"आहे म्हणतीस?"

"आहे."

'तिला म्हणावं' जाऊन 'म्हणतीस' कधी आलं, माझ्या लक्षातही आलं नाही. एकदा ती सहज म्हणाली, तुमच्या हळदीचा खरा करपा कसा असतो ते मला बघायचंय. दुसऱ्या दिवशी हे फोन घेऊन शेतात. रेंज नाही, म्हणून विहिरीच्या कठड्यावर चढून पान दाखवताहेत, ती तिकडून एकेक प्रश्न विचारतेय. डाग आधी वर येतो की खाली? पिवळी कड असते का? हे उत्तरं देताहेत. मी बांधावर डबा घेऊन उभी. मला कुणी फोन दिला नाही. टपालखातं बंद पडलं होतं, आणि बंद पडल्याचं कुणी मला कळवलंही नव्हतं.

ती परत आली त्या दिवशी स्टेशनावर हे स्वतः गेले. पोरगं म्हणत होतं, मी जातो, मला सुट्टी आहे. "तू बस घरी," हे म्हणाले.

घरात शिरल्यावर ती आधी कुंडीपाशी गेली. झाडाची दशा फार देखणी नव्हती. पानं मोजकी, त्यातलं एक अर्धं, कापलेल्या कडेवर तपकिरी पूड वाळलेली. हे हात मागं बांधून तिच्या मागं उभे. तिनं बेचक्यात बोट घालून पाहिलं, पान उलटून पाहिलं, मुळं दाबली. मधून एक नवं पान आलं होतं, करंगळीच्या नखाएवढं.

"मी घरी असते तरी याच्याहून वेगळं काही केलं नसतं," ती म्हणाली.

ह्यांनी घसा साफ केला. "पाऊस नव्हता आला आत. पाणी मीच घालून राहिलो व्हतो. वरून."

"माहीत होतं मला."

"कसं काय?"

"आपल्या खिडकीला छज्जा आहे, बाबा."

हे माझ्याकडं वळले, जणू छज्जा मी बांधला होता.

त्यानंतर ह्यांना ऑर्किडच्या आजारांचं वेडच लागलं. सुनेनं विहीणबाईंकडून आणखी दोन कुंड्या मागवल्या, आणि ह्यांची रोजची फेरी सुरू झाली. भिंग हातात. उन्हानं पडलेला पांढुरका चट्टा, पाण्यानं पडलेला डाग, किड्यानं खरवडलेलं पान, सगळं ओळखू येऊ लागलं, निदान ह्यांच्या मते. एकदा सकाळी सुनेला लॅपटॉपवरच्या मीटिंगमधून उठवून आणलं. सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं होतं.

"हे काय नवीन?" हे घाबरलेले. "कापू का? ब्लेड तापवलंय."

तिनं पाहिलं. "काही नाही बाबा. म्हातारं पान आहे. खालचं पान असं पिवळं होऊन गळतंच. आजार नाही हा."

"इलाज?"

"इलाज कशाला? जायचं त्याचं वय झालंय."

हे थोडा वेळ ब्लेड हातात धरून उभे राहिले. मग मला म्हणाले, "माझा चहा झाला का?" तो चहा त्यांनी नेहमीपेक्षा बराच सावकाश घेतला. पुढं ते पान आपोआप गळेपर्यंत त्याला हात लावू दिला नाही. कुणी पुसायला गेलं तरी म्हणायचे, "राहू द्या. हाय तोवर हाय."

परवा वसमतमध्येच एका लग्नाला गेलो होतो, आम्ही दोघं आणि सून. स्टेज सगळा पांढऱ्या ऑर्किडनं सजवलेला. आहेर द्यायला रांगेत उभे होतो. आमची पाळी आली, मी नवरीच्या हातात पाकीट दिलं, फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. बघते तर हे जागेवर नाहीत. मागं सजावटीपाशी वाकलेले, चष्मा कपाळावर, एक पान उलटं करून त्याला अंगठ्यानं दाबताहेत. सून त्यांच्या शेजारी वाकलेली.

फोटोवाला थांबला, नवरा-नवरी थांबली, मागची रांग थांबली.

"अहो!" मी म्हणाले.

हे आले. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "प्लास्टिकचं हाय."

"मग सोडा ना!"

"सोडलं. पण तब्येत बराबर हाय."

सुनेनं पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. त्या फोटोत नवरा-नवरी गंभीर आहेत, हसताना दिसतो ते आम्ही तिघंच.